पांढरी कावीळ घरात निघाली, आता धोका कोणाला?

प्रश्न थोडक्यात असा: वय 34. गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिरात रक्त दिलं, काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं आणि 'हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह' असं सांगितलं. त्रास काहीच नाही, डोळे कधी पिवळे झाले नाहीत. बायको चार महिन्यांची गरोदर, मुलगी तीन वर्षांची, घरात आई-वडील, धाकटा भाऊ नोकरीसाठी दुबईला जायच्या तयारीत. आईनं ताट-तांब्या वेगळा काढलाय, बायको गप्प आहे. मला हे कुठून लागलं आणि घरच्यांना किती धोका आहे?

आधी ताट-तांब्या परत मांडणीवर ठेवायला सांगा. बाकीचं त्यानंतर बोलू.

आपल्याकडे घोळ 'कावीळ' या शब्दापासूनच सुरू होतो. पावसाळ्यात गटाराचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळतं आणि गल्लीत एकदम दहा जणांना कावीळ होते, ती हिपॅटायटिस ए किंवा ई. ती तोंडावाटे येते, काही आठवड्यांत बहुतेकांची बरी होते. तिच्यात ताट-पाणी जपणं बरोबर आहे. तुमच्या रक्तात सापडलेला बी हा विषाणू वेगळ्याच घराण्यातला. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. डोळे पिवळे न होता आतल्या आत राहतो म्हणून लोक त्याला पांढरी कावीळ म्हणतात. तुमच्या आईनं पिवळ्या काविळीचे नियम पांढरीला लावलेत. एका पंगतीत जेवणं, एकाच तांब्यानं पाणी पिणं, लेकीला मांडीवर घेणं, तिचा पापा घेणं, खोकला, शिंक, डास, एकच संडास यांतून हा पसरत नाही. लाळेत विषाणू सापडतो हे खरं, पण उष्टं खाऊन लागण होत नाही. कडकडून चावा घेऊन रक्त काढलं तर मात्र होऊ शकते.

आता 'कुठून लागलं'. माझ्या ओपीडीत गेली पंचवीस वर्षं सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त संसारही यावरूनच नासलेत. म्हणून इथे जरा थांबतो.

हा विषाणू शरीरात कायमचा मुक्काम ठोकणार की नाही, हे लागण कोणत्या वयात झाली यावर ठरतं. जन्माच्या वेळी लागण झालेल्या शंभर बाळांपैकी नव्वदांच्या शरीरात तो कायम राहतो. एक ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात पंचवीस ते पन्नासच्या घरात असतं. धडधाकट मोठ्या माणसात ते पाचाच्याही खाली येतं. कारण असं की हा विषाणू लिव्हरच्या पेशीला स्वतः फारसा मारत नाही. पेशीत विषाणू आहे हे ओळखून आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशीवर तुटून पडते आणि नुकसान त्यातून होतं. मोठ्या माणसाची प्रतिकारशक्ती परका लगेच ओळखते. मग जोरदार लढाई होते, काहींना चांगली कावीळ होते आणि बहुतेकांच्या शरीरातून विषाणू हद्दपार होतो. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती त्याला घरातलाच समजते. लढाई नाही म्हणून कावीळ नाही, आणि कावीळ नाही म्हणून पत्ता नाही.

म्हणजे चौतिसाव्या वर्षी, काहीही त्रास नसताना, शिबिरात अचानक सापडलेला हिपॅटायटिस बी बहुतेक वेळा त्या माणसाच्या पहिल्या पाच वर्षांतला असतो. तुम्ही गेल्या वर्षीची कटिंग, चार वर्षांपूर्वीची दाढ आणि कॉलेजातली सहल आठवत बसलात, तर तुमचा शोध बहुधा चुकीच्या दशकात चाललाय. तुमची बायको गप्प आहे ती कशामुळे, याचा मला अंदाज आहे. तिला हा परिच्छेद वाचायला द्या. या रिपोर्टवरून कोणाच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

लहानपणी म्हणजे कुठून? पहिली शक्यता बाळंतपणात आईकडून. दुसरी, घरातल्या किंवा शेजारच्या मुलांकडून: खरजेच्या जखमा, खरचटलेले गुडघे, एकमेकांना ओरबाडणं. तिसरी, इंजेक्शनं. काचेची सिरिंज आणि स्टीलच्या सुया पातेल्यात उकळून दिवसभर वापरायचे दिवस माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी पाहिलेत, आणि गर्दीच्या वेळी ते पातेलं किती वेळ उकळायचं हेही. चौथी, जत्रेतलं गोंदण: एकच सुई, एकच शाईची वाटी आणि समोर पोरांची रांग. सुकलेल्या रक्तातही हा विषाणू निदान सात दिवस तग धरतो, हे लक्षात घेतलं की या वाटा कशा चालतात ते कळतं.

मोठेपणी लागण होतच नाही असं मात्र समजू नका. 2009 मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात एकदा वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली आणि त्यात माणसं दगावली. तुमची लागण ताजी असण्याची शक्यता कमी आहे, पण तपासता येते. अँटी-एचबीसी आयजीएम नावाची चाचणी ताज्या लागणीत साधारणपणे पॉझिटिव्ह येते. आणि एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचं प्रथिन रक्तात आहे का ते बघणारी चाचणी, रक्तपेढीत पॉझिटिव्ह आली ती) सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्हच राहिली, तर लागण जुनाट म्हणायची.

पण त्याआधी रिपोर्ट पक्का करून घ्या. रक्तपेढीची चाचणी मुद्दाम अशी संवेदनशील ठेवलेली असते की एकही दूषित पिशवी निसटू नये. त्यामुळे अधूनमधून ती निर्दोष रक्तालाही पॉझिटिव्ह म्हणते. एचबीएसएजी (जुन्या रिपोर्टांवर 'ऑस्ट्रेलिया अँटीजेन' लिहिलेलं दिसेल, अमेरिकी शास्त्रज्ञ बारूच ब्लमबर्ग यांना तो 1960च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडला म्हणून) चांगल्या प्रयोगशाळेत पुन्हा करा. ती पक्की झाली की एचबीई-एजी (विषाणू जोरात वाढतोय का), एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती), एसजीपीटी (लिव्हरला इजा होतेय का), प्लेटलेट्स आणि पोटाची सोनोग्राफी. सोबत हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीही एकदा बघून घ्यावं, वाटा सारख्याच आहेत म्हणून. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 पासून सुरू आहे. त्यातल्या केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा. डीएनएची चाचणी बाहेर महाग पडते, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

आता घरचे. प्रत्येकाच्या तीन चाचण्या एकदम करा: एचबीएसएजी, अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटीबॉडी) आणि अँटी-एचबीसी टोटल (विषाणूशी कधी गाठ पडली का ते सांगणारी). तिन्ही निगेटिव्ह म्हणजे विषाणूशी गाठ पडलेली नाही आणि संरक्षणही नाही, लस सुरू करा. फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह म्हणजे लशीनं काम केलंय. आकडा 10 किंवा जास्त असला की पुरे. अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी दोन्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू येऊन गेला, शरीरानं त्याला हरवलं. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे तो माणूस तुमच्याच रांगेतला.

या तिन्ही एकदम करायला सांगण्यामागे एक कारण आहे. मधल्या काळात गावोगावी, सोसायट्यांत, कंपन्यांत स्वस्त लसीकरणाची शिबिरं झाली. 'एड्सपेक्षा शंभर पट घातक' अशी फलकं लावून. हेतू वाईट नव्हता, पण बहुतेक ठिकाणी आधी तपासणी नव्हती. ज्याच्या अंगात विषाणू आधीच आहे त्याला लशीचा अपाय नाही आणि उपयोगही नाही. त्याला फक्त 'मी लस घेतलीय' हा दिलासा मिळतो. तीन डोस पूर्ण केल्याचं कार्ड जपून ठेवलेले आणि लिव्हर सिरोसिसपर्यंत पोचलेले रुग्ण मी पाहिलेत.

तुमच्या घरात घाईचा मामला एकच, बायकोचा. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या तपासण्यांत एचबीएसएजी असते, आजच फाइल काढून बघा. निगेटिव्ह असेल तर बाकीच्या दोन चाचण्या करून, गरज असेल तर लस लगेच सुरू करा: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी, दंडात. (कुल्ल्यात दिलेली लस कमी लागू पडते.) गरोदरपणात ही लस सुरक्षित आहे. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजा, आणि तो 10च्या वर दिसेपर्यंत निरोध वापरा. पोटातल्या बाळाला व्यवहारात धोका आईकडून असतो, वडिलांकडून थेट नाही. म्हणून बाळाला वाचवायचं तर आईला वाचवायचं.

ती पॉझिटिव्ह निघाली तरी घाबरायचं नाही, कॅलेंडर घेऊन बसायचं. काहीच केलं नाही तर, एचबीई-एजी पॉझिटिव्ह आईच्या शंभर बाळांपैकी सत्तर ते नव्वद बाळांना लागण होते. एचबीई-एजी निगेटिव्ह असेल तर दहा ते चाळीस. आणि ती बाळं म्हणजे वर सांगितलेल्या शंभरातल्या नव्वदांच्या गटातली. उपाय तीन. आईच्या रक्तात डीएनए दोन लाख युनिटांच्या वर असेल तर साधारण 28व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर या विषाणू दाबणाऱ्या औषधाची रोज एक गोळी. बाळाला जन्मानंतर शक्यतो बारा तासांत आणि उशिरात उशिरा चोवीस तासांत लशीचा पहिला डोस. त्याच वेळी दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडींचं, इंजेक्शन. यानंतर शंभरातली नव्वदहून जास्त बाळं वाचतात, गोळीमुळे त्याहूनही अधिक. अंगावरचं दूध खुशाल पाजायचं. बाळाचं रक्त मग नऊ ते बारा महिन्यांचं झाल्यावर तपासायचं, त्याआधी घाई करून उपयोग नाही.

यात दगा देतो तो पहिला डोस. सरकारी वेळापत्रकात तो आहे आणि 2011 पासून ही लस देशभरातल्या नियमित लसीकरणात आहे. तरी रविवारी पहाटे लहान नर्सिंग होममध्ये बाळ जन्मलं की 'उद्या बघू' होतं, आणि उद्याचं डिस्चार्जच्या दिवसावर जातं. इम्युनोग्लोब्युलिन तर बऱ्याच ठिकाणी ठेवलेलंच नसतं. माझ्या एका पेशंटच्या नवऱ्यानं ते शहरातून थर्मासमध्ये बर्फ घालून आणलं, तोपर्यंत बाळ दोन दिवसांचं झालं होतं. इस्पितळाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, अशी पुष्कळ आहेत. तुम्ही आठव्या महिन्यातच विचारा: तुमच्या फ्रिजमध्ये हे इंजेक्शन आहे का? नसेल तर आधी आणून ठेवा.

मुलगी तीन वर्षांची आहे. कार्डावर जन्मतःचा डोस आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांचे पेंटाव्हॅलंटचे (हिपॅटायटिस बीसह पाच रोगांच्या एकत्र लशीचे) डोस असतील तर तिची बहुधा काळजी नाही. तरी घरात पॉझिटिव्ह माणूस आहे म्हणून एकदा रक्त बघून टाका.

भावाचा मुद्दा वेगळा. आखाती देशांच्या व्हिसासाठीच्या मेडिकलमध्ये हिपॅटायटिस बी तपासतात आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघाला तर अनफिट ठरवतात. रत्नागिरी, रायगडकडच्या किती मुलांना आपल्या लागणीचा पत्ता एजंटच्या ऑफिसात लागतो, ते तिकडच्या कोणत्याही डॉक्टरांना विचारा. त्यानं मेडिकलआधी स्वतःहून तपासून घ्यावं. निगेटिव्ह असेल तर लस घ्यावी, पण एक खबरदारी घ्या. लशीत तोच एचबीएसएजी असतो, त्यामुळे डोसनंतर साधारण तीन आठवड्यांपर्यंत चाचणी उगीचच पॉझिटिव्ह येऊ शकते. डोस आणि मेडिकल यांच्यात महिन्याचं अंतर ठेवा.

तुम्हाला घरात जपायचं आहे ते रक्त. वस्तरा-रेझर, टूथब्रश, नेलकटर आणि साखर मोजायची सुई, या चार गोष्टी तुमच्या एकट्याच्या. जखम झाकून ठेवा. रक्त सांडलं तर हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून पुसा. रक्तदान आता नाही. दाताच्या डॉक्टरांना सांगा. सलूनमध्ये ब्लेड आता बहुतेक जण नवी लावतात, मात्र तोच तुरटीचा खडा सगळ्यांच्या गालावरून फिरतो. त्यातून नेमकी किती लागण होते ते मोजणं अवघड, पण मला विचाराल तर दाढी घरीच करावी.

हा विषाणू किती चिवट आहे ते सांगायला आम्ही विद्यार्थ्यांना तिनाचा पाढा शिकवतो. लस न घेतलेल्या नर्सला पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर लागणीची शक्यता हिपॅटायटिस बीमध्ये शंभरात तीसपर्यंत, सीमध्ये साधारण तीन, एचआयव्हीमध्ये 0.3. लस घेऊन अँटीबॉडी तयार झालेल्या नर्सला बीचा धोका जवळपास शून्य. म्हणून नर्स, लॅब टेक्निशियन, इस्पितळाचा कचरा उचलणारे कामगार, डायलिसिसवरचे आणि वारंवार रक्त चढवावं लागणारे पेशंट यांनी लशीशिवाय राहू नये. सफाई कामगारांना मात्र बरेचदा कोणी विचारत नाही. सुई तर त्यांनाच पिशवीतून टोचते.

आता तुमच्याबद्दल. भारतात शंभरात साधारण एक ते तीन माणसं तुमच्यासारखी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2022 मध्ये जवळजवळ तीन कोटी. त्यांतल्या बहुतेकांना माहीत नाही. तुम्हाला कळलं, हा शिबिराचा फायदा. बाळपणी लागण झालेल्यांनी काहीच केलं नाही, तर त्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाचा जीव पुढे सिरोसिस किंवा लिव्हरच्या कॅन्सरनं जातो. गोळी सगळ्यांना लगेच लागत नाही. डीएनए, एसजीपीटी आणि लिव्हर किती कडक झालंय हे पाहून ते ठरतं. लागली तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर, रोज एक, बहुधा अनेक वर्षं. सुरू केलेली गोळी मनानं बंद करू नका. विषाणू एकदम उसळतो आणि लिव्हर बसू शकतं. गोळी नाही लागली तरी दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही. दारू बंद, 'कधीतरी'सुद्धा. पुढे कधी केमोथेरपी, संधिवाताची मोठी इंजेक्शनं किंवा जास्त दिवस स्टेरॉईड द्यायची वेळ आली, तर त्या डॉक्टरांना हे आधी सांगा. प्रतिकारशक्ती दबली की झोपलेला विषाणू उठतो. एकदा येऊन गेलेल्या, एचबीएसएजी निगेटिव्ह माणसांतही हे होतं.

कोणीतरी तुम्हाला कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायला येईलच. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवतात, मनगटाला डाग देतात, मुळ्या उगाळून पाजतात. पिवळी कावीळ आपोआप बरी होते, त्याचं श्रेय यांना मिळतं. पांढरी आपोआप जात नाही, आणि काही मुळ्या लिव्हरला स्वतःच इजा करतात. हात धुतले तर धुवा, पोटात काही घेऊ नका.

शेवटी तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट. तुम्ही बायकोचं विचारलंत, लेकीचं, भावाचं विचारलंत. आईला तुमच्यापासून किती धोका हेही त्यात आलं. पण तुम्हाला हे जन्माच्या वेळी मिळालं असेल, तर तो विषाणू तिच्या अंगात तुमच्याहून जास्त वर्षं आहे. तिचं वय आता साठीच्या आसपास असेल, म्हणजे घरात लिव्हरच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त धोका कदाचित तिलाच. आणि तिची तपासणी करायचं कोणाच्या मनातही आलेलं नाही. तिचं रक्त उद्याच द्या. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली तर सोनोग्राफी, प्लेटलेट्स, डीएनए आणि तज्ज्ञांची भेट त्याच आठवड्यात. 'तुझ्यामुळे मला झालं' हे वाक्य मात्र घरात कोणाच्या तोंडून निघू देऊ नका. तिलाही ते कोणाकडून तरी, तिला कळायच्या आत मिळालेलं असणार. तिला एवढंच सांगा की घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचंय आणि सुरुवात मोठ्यांपासून करायची आहे.